पुस्तक, छर्रा आणि सही

बंदुकीशी माझा संबंध एवढाच, की लहानपणी दिवाळीत टिकल्यांचे पिस्तूल उडवताना मी डोळे घट्ट मिटून घेत असे. अशा माणसाच्या घरात, मुलुंडच्या तिसऱ्या मजल्यावर, यंदा श्रावणात कन्येने जाहीर केले, "बाबा, मी नेमबाजी शिकणार!" कॉलेजच्या छात्रसेनेत तिने पाच गोळ्या झाडल्या होत्या आणि त्या पाचही म्हणे तळहाताखाली झाकतील इतक्या जवळ बसल्या. तिने संमतीचा कागद पुढे केला. वय सतरा, तेव्हा सही बापाची हवी.

मराठीचा प्राध्यापक अडचणीत आला की पुस्तक शोधतो. "आधी विषय वाचू, मग सही," असे म्हणून मी कागद खणात टाकला. "तिला पोहायला घालायचे होते तेव्हाही तुम्ही पुस्तकच आणले होते," सौ. म्हणाली. मी ऐकले नाही असे दाखवले.

ग्रंथालयात गेलो, तर बाईंनी शिकारकथांच्या कपाटाकडे बोट दाखवले. वाघ पुष्कळ भेटले. गोळी नळीतून सुटल्यावर कशी जाते, हे मात्र एकाही पानावर नाही. आमचे शब्दसुद्धा उसने. काडतूस काय, पिस्तूल काय, दोन्ही पोर्तुगिजांकडून आलेली. शेवटी आठवले ते वर्गात शिकवतो ते रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र. दारूखाना राहत्या घराजवळ नसावा, दारू वरचेवर बाहेर काढून तिला ऊन द्यावे, असे पंतांनी बजावले आहे. मी मोठ्या उत्साहाने हे कन्येला सांगितले.

"बाबा, माझ्या बंदुकीत दारूच नसते. दाबलेली हवा असते!"

तरी खोड जाईना. फोर्टातल्या पदपथावर एक जाडजूड अमेरिकन ग्रंथ मिळाला, रिकामी काडतुसे घरी पुन्हा कशी भरावीत यावर. तीनशे रुपये मोजले. दोन दिवस लोकलमध्ये वाचला. समोरचा गृहस्थ जरा सरकून बसला. मग कळले, की आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे काडतुसे बनवायला परवाना लागतो. शिवाय छात्रसेनेच्या पॉइंट टू-टू रायफलीच्या काडतुसात पेट घेणारे मिश्रण बुडाच्या कडेतच असते. घोड्याच्या आघाताने ती कड चेपते, की काडतूस संपले.

त्यातल्या त्यात बेंजामिन रॉबिन्स आवडला. या इंग्रज गणितज्ञाने लाकडाचा ठोकळा लंबकासारखा टांगला, त्यावर गोळी झाडली, आणि तो किती मागे झुलला यावरून गोळीचा वेग काढला. त्याचे पुस्तक १७४२ चे. त्या रात्री मी आणि कन्येने जेवणाच्या टेबलावर हिशेब मांडला. छर्ऱ्याचा वेग सेकंदाला सुमारे १७५ मीटर, अंतर १० मीटर. म्हणजे प्रवास सेकंदाच्या सतराव्या हिश्शाचा, आणि तेवढ्यात छर्रा दीड सेंटिमीटरहून अधिक खाली येतो. लक्ष्याच्या मध्यावरचा दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर!

"मग लागतो कसा?"

"ती घट दुर्बिणीशिवायच, नेम धरायच्या चकतीचे स्क्रू फिरवून एकदाच भरून काढायची. पुढे सगळा श्वास. सर म्हणतात, भीष्मराज बाम वाचा."

नाशिकचे बाम पोलीस खात्यातले मोठे अधिकारी; निवृत्तीनंतर खेळाडूंच्या मनाची मशागत करत राहिले. २०१७ साली गेले. अंजली भागवतही मुंबईच्या छात्रसेनेतूनच पुढे आली आणि २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत पोहोचली. २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक जिंकणारा कोल्हापूरकडचा स्वप्नील कुसाळे तर आमच्या मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. हे सारे मी टाचणांत उतरवले. कागद खणातच.

"बाबा, तुम्ही घाबरलात का?"

"हो," मी म्हणालो.

"मग रविवारी बघायला या."

गेलो. ती उभी राहिली, बंदूक खांद्याला लावली, आणि कितीतरी वेळ हललीच नाही. घरात दारे आपटणारी हीच का, असे मला वाटले. मग छर्रा न झाडताच तिने बंदूक खाली घेतली, दोन श्वास घेतले आणि पुन्हा उचलली. "श्वास जमला नाही," ती नंतर सहज म्हणाली.

घरी येऊन खण उघडला. सही करताना कागदाखाली टणक काही हवे होते, म्हणून तो तीनशे रुपयांचा ग्रंथ घेतला.