उसनी क्लचप्लेट

मैत्रिणींनो, या पानावर आपण लोणच्याचा खार, मुलांचा अभ्यास, महिन्याचा हिशेब असं बरंच काही बोलत असतो. आजचा विषय मात्र मोटारींच्या शर्यतीचा आहे. लगेच पान उलटू नका हं! विषय निघाला तो एका भगिनीच्या पत्रावरून. तिच्या यजमानांना शर्यतीत गाडी पळवण्याचा नाद आहे. नोकरी सांभाळून, पदरच्या खर्चानं, वर्षातून दोन-तीनदा ते शर्यतीला जातात. ती लिहिते, "नादाबद्दल माझी तक्रार नाही. पण आम्ही पै-पै साठवून घेतलेले दोन नवे टायर यांनी शर्यतीच्या आदल्या दिवशी दुसऱ्याच स्पर्धकाला देऊन टाकले. विचारलं तर म्हणतात, ही खिलाडूवृत्ती. मी म्हणते, हा आपल्याच घरावर दरोडा. तुमचं काय म्हणणं?"

प्रश्न सोपा नाही. माझ्या धाकट्या दिरांनाही हाच नाद आहे, आणि गेल्या वर्षी पावसाळ्यात धाकट्या जावेला सोबत म्हणून मी शर्यतीला गेले होते. तिथं जे पाहिलं ते आधी सांगते, मग उत्तराकडे वळू.

शर्यत होती चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै इथं. चेन्नईहून बेंगळुरूकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक आहे. एक फेरी ३.७१७ किलोमीटरची. क्लब १९५३ सालचा. पूर्वी यांच्या शर्यती मद्रासच्या उत्तरेला शोलावरमला व्हायच्या, दुसऱ्या महायुद्धातल्या एका जुन्या विमानधावपट्टीवर. रस्त्यावर दिसणाऱ्या फियाट गाड्याच थोडी डागडुजी करून तिथं पळवत. १९९० च्या सुमारास शर्यती या नव्या ट्रॅकवर आल्या.

मला वाटलं होतं, तिथं सगळे गर्भश्रीमंतच भेटतील. तसे होतेच काही. पण बाकी गॅरेजवाले, दुकानदार, एक दाताचे डॉक्टर, दोघे-तिघे इंजिनियर. आठवडाभर पोटापाण्याचं काम करायचं आणि शनिवार-रविवारी हेल्मेट चढवायचं. कुणाची बायको हिशेबाची वही सांभाळतेय, कुणाची आई सावलीत लसूण सोलतेय! आमच्याकडच्या जत्रेत आणि यात मला फारसा फरक दिसला नाही.

शिस्त मात्र कडक. शर्यतीचं रीतसर लायसन्स लागतं. गाडी ट्रॅकवर जाण्याआधी तिची तपासणी होते. आत बसवलेला लोखंडी पिंजरा, सीटचे पट्टे, आग विझवायचं नळकांडं, बाहेरूनही वीज तोडता येईल असं बटण, हेल्मेट, आगीला दाद न देणारा अंगरखा. एक गोष्ट कमी असेल तर गाडी परत. ट्रॅकच्या कडेला उन्हातान्हात झेंडे घेऊन उभी असतात ती बहुतेक हौसेनं आलेली माणसं. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, कुणी कुणाला मागे टाकायचं नाही. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय, वाट द्या. लाल म्हणजे शर्यत थांबली. आणि चौकटीचा म्हणजे संपली. एवढं पाठ करून ठेवा, टीव्हीवर शर्यत लागली तर मुलांसमोर भाव खाता येईल!

शनिवारी दुपारी पात्रता फेरी होती. यात ज्याची एक फेरी सर्वांत कमी वेळात होते, तो रविवारी सर्वांत पुढे उभा राहतो. भाऊजींची वेळ चौथी आली. जाऊ टाळ्या वाजवत होती, तोच गाडी रखडत आत आली. इंजिन ओरडतंय, पण चाकांत जोर नाही. जळका वास मला दहा पावलांवरून आला. क्लचप्लेट गेली होती. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोचवणारी चकतीच ती. ती घसरायला लागली की गाडी म्हणजे दाते झिजलेला मिक्सर. मोटार फिरतेय, पातं फिरत नाही. जास्तीची प्लेट आणलेली नव्हती, कारण त्या महिन्यात घराचा हप्ता आणि मुलीच्या शाळेची फी एकदमच आली होती. हजारेक किलोमीटर लांब येऊन, प्रवेशाचे पैसे भरून, आता नुसतं बघत बसायचं.

आमच्या शेजारी कोइमतूरचं एक जोडपं होतं. त्यांचं स्वतःचं गॅरेज. गाडी आमच्यासारखीच, आणि पात्रता फेरीत नंबर तिसरा. म्हणजे समोरासमोरचे प्रतिस्पर्धी. ते गृहस्थ येऊन गाडीखाली डोकावले, काही न बोलता परत गेले आणि बायकोशी बोलू लागले. आम्हाला तमिळचा एक शब्द कळत नव्हता. पण नवरा-बायकोची घासाघीस कुठल्याही भाषेत कळते, नाही का? ती मान हलवत होती. बोटांवर काहीतरी मोजून दाखवत होती. पाचेक मिनिटं हे चाललं. मग तीच उठली, टेम्पोतून एक खोकं काढलं आणि जावेच्या हातात आणून दिलं. आत कोरी क्लचप्लेट, दाबाच्या झाकणासकट. मोडक्या हिंदीत म्हणाली, "एकच आहे आमच्याकडे. नीट लावायला सांगा."

गिअरबॉक्स उतरवून प्लेट बदलायला चार तास लागले. बॅटरीचा उजेड धरायला मी होते. कोइमतूरचे गृहस्थ स्वतः हात काळे करत बसले होते.

रविवारी दोन शर्यती, एक सकाळी आणि एक दुपारी. सकाळच्या शर्यतीत पहिल्याच वळणावर दोन गाड्या एकमेकींना घासल्या, एक खडीत जाऊन रुतली. कुणाला इजा झाली नाही, पण लाल झेंडा निघाला आणि सगळ्यांना पुन्हा जागेवरून सुरुवात करावी लागली. उभ्या गाडीला झटक्यात पळवताना सगळा ताण येतो तो क्लचवर. एकदा ठीक, दोनदा म्हणजे परीक्षाच. भाऊजींची गाडी नव्या प्लेटवर सुटली. कोइमतूरकरांची जुनी प्लेट मात्र घसरू लागली. कशीबशी शर्यत पुरी करून ते शेवटून दुसरे आले. आणि दुपारसाठी जास्तीची प्लेट? ती आमच्या गाडीत!

जावेचा चेहरा मला अजून दिसतो. मला म्हणाली, "वहिनी, आपण त्यांची शर्यत खाल्ली हो." भाऊजी हेल्मेट काढून तसेच शेजारी गेले आणि म्हणाले, "माझी प्लेट काढून घ्या." त्यांनी घड्याळ दाखवलं. दुपारच्या शर्यतीला तीन तासही नव्हते. आमचा गिअरबॉक्स उतरवायचा, त्यांचा उतरवायचा, पुन्हा बसवायचा. वेळेत होणं शक्य नव्हतं. ते हसून म्हणाले, "दोघांनी बसण्यापेक्षा एकानं पळावं."

दुपारी भाऊजी तिसरे आले. छोटासा कप मिळाला. कोइमतूरच्या वहिनी तारेच्या कुंपणाशी उभ्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या, पण डोळे काही हसत नव्हते. का हसावेत? प्रवेशाचे पैसे, पेट्रोल, टायर, टेम्पोचं भाडं, सगळं त्यांचंही गेलं होतं. संध्याकाळी त्याच स्टीलच्या पेल्यांतून कॉफी घेऊन आल्या, हे त्यांचं मोठेपण.

मैत्रिणींनो, खिलाडूवृत्तीच्या गोष्टी आपण मुलांना सांगतो तेव्हा शेवट गोड करून सांगतो. ज्यानं मदत केली त्यालाही काहीतरी मिळतंच, असं. मी शाळेत शिकवते, मलाही ती सवय आहे. पण खरी खिलाडूवृत्ती फुकट नसते. कुणाच्या तरी पदरातून ती जाते.

मोठ्या शर्यतींतलं उदाहरण पाहा. १९५८ साली जागतिक अजिंक्यपदासाठी स्टर्लिंग मॉस आणि माइक हॉथॉर्न या दोन इंग्रज चालकांत चुरस होती. पोर्तुगालमधल्या शर्यतीत मॉस पहिला आला आणि हॉथॉर्न दुसरा. पण हॉथॉर्नवर ठपका आला, की गाडी गिरकी खाऊन थांबल्यावर ती पुन्हा सुरू करताना त्यानं ट्रॅकवर उलट्या दिशेनं नेली. तसं ठरलं असतं तर त्याचे गुण गेले असते. मॉसनं हे पाहिलं होतं. तो स्वतः पंचांकडे गेला आणि गाडी ट्रॅकवर नव्हती, कडेला होती, अशी साक्ष दिली. हॉथॉर्नचे गुण राहिले. वर्षाअखेर हिशेब झाला तेव्हा हॉथॉर्नचे ४२ आणि मॉसचे ४१. एका गुणानं अजिंक्यपद गेलं! त्या वर्षी मॉसनं चार शर्यती जिंकल्या होत्या, हॉथॉर्ननं एकच. मॉस २०२० साली वारला, तोवर जगातल्या उत्तम चालकांत त्याचं नाव घेतलं गेलं. पण जगज्जेतेपद त्याला कधीच मिळालं नाही.

आता त्या भगिनीच्या प्रश्नाकडे. बाई गं, तुझ्या यजमानांची वृत्ती चांगली आहे, पण रीत चुकली. कोइमतूरच्या गृहस्थांनी खोक्याला हात लावण्याआधी बायकोला विचारलं. ती आधी नाही म्हणाली, मग हो म्हणाली आणि स्वतःच्या हातानं दिलं. त्यामुळे तो उदारपणा दोघांचा झाला. जी वस्तू दोघांनी पोटाला चिमटा घेऊन घेतली, ती एकानं परस्पर दिली, तर देणाऱ्याला शाबासकी आणि दुसऱ्याच्या वाट्याला नुसता खर्च. दान करायला घर एकाचं नसतं. हे यजमानांना शांतपणे सांग. शर्यतीच्या तोंडावर नको, आधी, घरी, चहाच्या वेळी. कोणती वस्तू द्यायची आणि कोणती नाही, हे दोघांनी निघण्यापूर्वीच ठरवून टाका. टायर, प्लेट, पाने-पक्कड द्यावी. हेल्मेट आणि सीटचे पट्टे कधी देऊ नयेत, घेऊही नयेत. आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसतं, पण आतून निकामी झालेलं असू शकतं.

आणि घेणाऱ्यानंही रीत पाळावी. शेजारणीची वाटी आपण रिकामी परत करतो का? भाऊजींनी आठ दिवसांत कोरी प्लेट झाकणासकट कोइमतूरला पाठवली. तिच्यासोबत दुसरी एक, वापरलेल्या शर्यतीबद्दल. तेवढ्यासाठी घरातला नवा पंखा दिवाळीपर्यंत लांबला, आणि जावेनं ते आनंदानं मान्य केलं. खोक्यात तिनं मेतकुटाची बरणी आणि कोल्हापुरी गुळाची ढेप ठेवली. महिन्याभरात तिकडून मुरुक्कूचा डबा आला. आता दोघींचं फोनवर बोलणं असतं, कोणत्या भाषेत ते देव जाणे!

तुमच्या घरी कुणी शर्यतीला निघालं असेल, तर थोड्या गोष्टी लक्षात ठेवा:

वर्षाचा आकडा वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवा आणि वेगळा काढा. त्यात मोडतोडीसाठी वाटा धरा, कारण काहीतरी मोडतंच. हेल्मेट, पट्टे आणि अंगरखा यांत काटकसर नको. ती कपासाठी केलेल्या खर्चात करा.

सोबत जाणार असाल तर सुती कपडे आणि बंद चपला-बूट घाला. पेट्रोल आणि तापलेल्या यंत्रांजवळ नायलॉन नको. ओढणी-पदर खोचून घ्या. कानात घालायचे बोळे, टोपी आणि जुन्या धोतराच्या घड्या जवळ असू द्या. हात पुसायला त्यांच्यासारखं काही नाही.

डब्यात दशम्या, तिळाची चटणी, गुळपोळ्या अशा टिकणाऱ्या गोष्टी द्या. चिमूटभर मीठ घातलेलं लिंबाचं सरबत हवंच. बंद गाडीत, अंगभर कपड्यांत माणूस घामानं निथळतो. शर्यतीआधी मात्र भरपेट जेवण नको.

हरून आलेल्या माणसाला पहिला तासभर काही विचारू नका. "मी सांगत होते" हे वाक्य तर मुळीच नको. पाणी द्या, गाडीचं काय झालं ते तो आपणहून सांगेल.

आणि डबे भरण्यापुरतंच आपलं काम, असंही समजू नका. पुण्याच्या डायना पुंडोले, दोन मुलांची आई, यांनी २०२४ साली याच चेन्नईच्या ट्रॅकवर पुरुष चालकांबरोबर धावून सलून गाड्यांच्या गटात राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं. हे मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. तेव्हा भगिनी, पुढच्या वेळी यजमानांना म्हणावं, टायर कुणाला द्यायचे ते मी ठरवते. आणि एखादी फेरी मलाही मारू द्या!

हे पान घडी करून त्यांच्या डब्याखाली ठेवायला हरकत नाही.