पाठ टाचणात पाऊस कुठे लिहायचा?

प्रति,
मा. संचालक,
महाराष्ट्र राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे

महोदय,


शाळेत शेती शिकवायची, हे आता बऱ्याच दिवसांपासून ऐकतोय. २०२३च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने तर व्यवसाय शिक्षणात सजीवांशी संबंधित काम, म्हणजे शेती आणि पशुपालन, पहिल्याच रांगेत बसवलंय. यथावकाश पुस्तकं येतील, मार्गदर्शिका येतील. मला एवढंच विचारायचंय, की हे शिकवणार कोण आणि तो शिकवायला शिकणार कुठे?

मी कृषी पदवीधर. शेवटच्या वर्षाला कृषिकन्या म्हणून गावात राहिले, बोर्डो मिश्रणापासून माती परीक्षणापर्यंत प्रात्यक्षिकं केली. (समोर शेतकरी थोडे आणि फोटो काढणारे जास्त, हा भाग वेगळा.) आता बी.एड. करतेय आणि छात्रसेवाकालासाठी वरवे बुद्रुकजवळच्या एका शाळेत जाते. आमच्या महाविद्यालयात शेतीची अध्यापन पद्धती नाही, त्यामुळे कागदोपत्री मी विज्ञानाची. बी.एड.चा अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवतं, हे मला ठाऊक आहे. पण शाळेत काय शिकवायचं ते तुमच्याकडे ठरतं, म्हणून पत्र तुम्हाला.

मागणी काही नवी नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढच्या निवेदनात महात्मा फुल्यांनी प्राथमिक शाळेत शेतीचं जुजबी ज्ञान द्यावं, असं लिहून दिलं होतं. १९८३ मध्ये डॉ. कलबागांनी पाबळला विज्ञान आश्रम काढला आणि हाताने काम करत विज्ञान शिकता येतं, हे दाखवून दिलं. पाबळ आमच्याच जिल्ह्यात. तरी मी पाहते तो कार्यानुभवाचा तास गणिताचा राहिलेला भाग उरकण्यात जातो.

घनता शिकवायची होती. बादलीत १० लिटर पाणी, त्यात ३०० ग्रॅम मीठ आणि वरून इंद्रायणी भाताचं बी. पोचट दाणे तरंगले, भरलेले तळाला गेले. एका मुलीने विचारलं, “बाई, आमची आई साध्याच पाण्यात टाकते, मग मीठ कशाला?” तेच बी साध्या पाण्यात टाकलं, तर अर्धवट भरलेले दाणेही खाली बसले. उत्तर पोरांनीच दिलं. ‘शेती घरी आहेच, शाळेत कशाला?’ म्हणणाऱ्या पालकांना मी हीच बादली दाखवेन. घरी ‘कसं’ ते कळतं, ‘का’ ते राहून जातं. पाठ पाहायला आलेल्यांनी मात्र फलकलेखनाचे गुण कापले.

ते एक वेळ चालेल. खरी अडचण दिवसांची आहे. भोर-वेल्ह्यात जूनमध्ये रोपांसाठी तरवा टाकतात, जुलैत चिखलणी आणि लावणी. आम्हाला शाळेत पाठवलं ते भात कापणीला आल्यावर! म्हणजे बी भिजवलं ते दाखवण्यापुरतं, पेरायला नव्हे. शाळेचंही तेच. लावणीला घरच्या खाचरात राबणाऱ्या पोरांचा हजेरीपटावर गैरहजेरीचा शेरा पडतो, आणि पुढे त्यांनाच आम्ही ‘भात लागवडीच्या पायऱ्या’ लिहायला लावतो. चारसूत्री पद्धतीत रोपांमध्ये १५ आणि २५ सेंटिमीटर अंतर आलटून पालटून का सोडतात, चार रोपांच्या चौकात युरिया-डीएपीची गोळी का खोचतात, हे खाचरात दोरी धरल्याशिवाय समजत नाही. मुलांनाही नाही, शिकवणाऱ्यालाही नाही.

बी.एड.ला २० आठवड्यांची आंतरवासिता आहे. त्यातले काही आठवडे भातपट्ट्यात जून-जुलैमध्ये यावेत, यासाठी विद्यापीठाकडे आपण शब्द टाकावा. लावणीचे दिवस शिक्षकांच्या देखरेखीखाली शाळेची हजेरी म्हणून धरावेत. आणि खाचरात उभं राहून शिकवणाऱ्या शेतकऱ्याला पाहुण्या व्याख्यात्याइतकं मानधन मिळावं, फुकटात सत्काराचा नारळ नको.

जमिनीची मागणी मी करत नाही. महामार्गाला लागून गुंठ्याचे भाव असे चढलेत की शाळेला कोण खाचर देणार? पण लावणीपुरतं पोरांना खाचरात उतरू द्यायला इथे सहसा कुणी नाही म्हणत नाही. येत्या जुलैत आपल्या अभ्यासक्रम समितीची एक बैठक वरव्यात ठेवावी. खाचराचं मी बघते. सदस्यांना फक्त सांगून ठेवा, की बूट घालून येऊ नका आणि जादा कपडे आणा.

आपली विश्वासू,
एक छात्राध्यापिका
वरवे बुद्रुक, ता. भोर, जि. पुणे