प्रांजळपणाने सेवाकार्य बुडते काय?

ख्रिस्ती मंडळीत असे एक मत रूढ आहे की पाळकाने, म्हणजे मंडळीची आध्यात्मिक जबाबदारी वाहणाऱ्या सेवकाने, आपले संशय, आपले स्खलन आणि आपली मिळकत चारचौघांत उघड करू नये. कारण त्याने कच्च्या श्रद्धेचे लोक डळमळतात आणि विरोधकांच्या हाती आयते कोलीत मिळते. हे मत शहाणपणाचे वाटते खरे, परंतु मुंबईचा इतिहास त्याला दुजोरा देत नाही.

१८४९ च्या सुमारास दादोबा पांडुरंग प्रभृती सुधारकांनी मुंबईत परमहंस सभा स्थापिली. जातिभेद न मानणारे हे सभासद बैठकीत ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खात आणि घरी परतल्यावर जातीचे सारे नियम निमूटपणे पाळीत. लोकमत अनुकूल होईपर्यंत सभा गुप्त ठेवावी, असा त्यांचा हिशेब होता. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीस गेली आणि नावे फुटण्याच्या धास्तीनेच सभा मोडली. विरोधकांना एकही युक्तिवाद करावा लागला नाही. याच सभेत वावरलेले बाबा पदमनजी १८५४ साली बेळगावात बाप्तिस्मा घेऊन उघडपणे ख्रिस्ती झाले आणि ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्यांनी आपली आधीची चलबिचलही नोंदवून ठेवली. ती वगळली असती, तर त्या ग्रंथात एका धर्मांतराची तारीख तेवढी उरली असती.

मिळकतीचा मुद्दा याहून नाजूक आहे. ‘पोटासाठी बाटला’ हा टोमणा मराठी ख्रिस्ती माणसाच्या पाचवीलाच पुजलेला. त्याला मौनाने उत्तर देता येत नाही. १८४८ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन यांनी लवकरच मिशनचा पगार सोडला आणि देशी वस्तीत साधेपणाने राहून अखेरपर्यंत याच शहरात काम केले. रेव्हरंड ना. वा. टिळकांनीही १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा समुदाय स्थापिला. पगार घेणे हा दोष नव्हे, आणि सर्वांनी या दोघांचे अनुकरण करावे असेही नाही. पण घेतलेला पगार झाकणे हा दोष आहेच.

दुसरा आक्षेप कॅथलिक परंपरेतून येतो: पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूपुढे पापांची कबुली देणे, गुप्त असते, मग जाहीर कबुली हवी कशाला? दादरच्या पोर्तुगीज चर्चमध्ये नित्य येणाऱ्या भाविकालाही ठाऊक असते की गुप्ततेचे ते बंधन धर्मगुरूवर आहे, कबुली देणाऱ्याच्या तोंडाला त्याने कुलूप लागत नाही.

अर्थात प्रत्येक गोपन म्हणजे दंभ नव्हे. १८४३ साली ख्रिस्ती झालेल्या नारायण शेषाद्रींचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनच्या आश्रयास गेला, तेव्हा न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. अशा मुलाने आपला विश्वास काही काळ मनात ठेवला असता, तर त्याला कोण दोष देईल? दुसऱ्याने विश्वासाने सांगितलेले गुपित राखणे हेही पाळकाचे कर्तव्यच. आक्षेप आहे तो स्वतःच्या प्रतिष्ठेसाठी केलेल्या लपवाछपवीवर, आणि तिला खतपाणी घालणाऱ्या मंडळीवरही. कारण पाळकाने संशयाचा उच्चार करताच त्याचे घर व वेतन काढून घेण्याचा विचार जिथे सुरू होतो, तिथे तो खोटेच बोलणार. म्हणून त्याच्याकडे प्रांजळपणा मागण्यापूर्वी मंडळीच्या कार्यकारिणीने त्याच्या निर्वाहाची हमी लेखी द्यावी.