नागाची विषग्रंथी आणि आपली सोय

साप पाळणाऱ्या आणि सापांचे खेळ करणाऱ्या मंडळींकडून हल्ली एक युक्तिवाद ऐकायला मिळतो. जुने गारुडी नागाचे दात पकडीने उपटत, तोंड दोऱ्याने शिवत. ते अडाणी होते, क्रूर होते. आता त्याची गरज नाही. भूल देऊन, शस्त्रक्रिया करून सापाच्या विषग्रंथीच काढून टाकता येतात. दात शाबूत, फणा शाबूत, साप जिवंत, माणूस सुरक्षित. मग यात वाईट काय?

वाईट हे की पकड गेली आणि नस्तर आले, बाकी काहीच बदलले नाही. ज्याला विषासकट नाग सांभाळता येत नाही, त्याला नाग ठेवण्याचा हक्कच नाही. आपला धोका कमी व्हावा म्हणून दुसऱ्या जिवाचा निरोगी अवयव कापणे गैर आहे, मग कापणारा रस्त्यावरचा गारुडी असो की पदवीधर डॉक्टर.

आधी ही ग्रंथी म्हणजे काय ते पाहू. नागाच्या डोक्यात, डोळ्यांच्या मागच्या अंगाला, दोन्ही बाजूंना एकेक विषग्रंथी असते. मुळात ती लाळेचीच ग्रंथी, काळाच्या ओघात बदललेली. तिच्यातून एक नळी विषदंताच्या मुळाशी जाते. साप चावतो तेव्हा भोवतालचे स्नायू आवळतात, ग्रंथी दाबली जाते आणि विष दातातून उतरते. हे विष माणसाला मारण्यासाठी नाही. सापाला हात नाहीत, पाय नाहीत, घास चावायला दाढा नाहीत. समोरचा उंदीर उलटून चावण्याआधी निपचित पडला पाहिजे, तरच तो पोटात जाणार. शिवाय भक्ष्याच्या अंगात भिनलेले विष पचनालाही मदत करते. म्हणजे वाघाला नखे आणि आपल्याला हात, तसे नागाला विष.

गारुड्यांना पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट ठाऊक आहे. विषाचा दात उपटला तरी काही आठवड्यांत मागचा राखीव दात पुढे येतो. म्हणून तो पुन्हा पुन्हा उपटायचा. काही जण तापलेल्या सुईने ग्रंथीच जाळतात. तोंड शिवताना जीभ बाहेर यावी एवढी फट ठेवतात, कारण जीभ लवलवली नाही तर बघणाऱ्याला मजा येत नाही. नागपंचमीच्या आधी त्याला उपाशी, तहानलेला ठेवतात, म्हणजे समोर आलेले दूध तो पितो. दूध सापाचे अन्न नाही आणि ते त्याला पचतही नाही. लोक हात जोडतात, नाणी टाकतात, करंडीचे झाकण पडते. (बत्तीस शिराळ्याची परंपरा वेगळी. तिथे नागाचे दात पाडत नाहीत असे गावकरी सांगतात. तो वाद स्वतंत्र आहे.)

या सगळ्याला आता 'शास्त्रीय' पर्याय म्हणून शस्त्रक्रिया पुढे केली जाते. परदेशात हा प्रकार जुना आहे. अमेरिकेत विषारी साप घरात पाळण्याचा शौक आहे, आणि ग्रंथी काढलेल्या सापासाठी तिथे 'व्हेनमॉइड' असा खास शब्द रूढ आहे. अनेक पशुवैद्य ही शस्त्रक्रिया करायला नकार देतात, म्हणून हौशी लोकांनी घरच्या टेबलावर हा उद्योग केल्याचेही प्रकार घडले. भूल म्हणून सापाला बर्फात गारठवायचे. थंडीने साप हलायचा थांबतो, वेदना थांबत नाही. न हलणारा तो न दुखणारा, असे मानणे सोयीचे आहे एवढेच.

मी भाषा शिकवतो, त्यामुळे शब्दांकडे लक्ष जाते. या मंडळींचा आवडता शब्द आहे 'बिनविषारी केलेला'. मराठीत बिनविषारी साप म्हणजे धामण, दिवड, अजगर. ते जन्मतः तसे असतात, त्यांची शिकारीची रीतच वेगळी. नाग बिनविषारी होत नाही, तो जायबंदी होतो. उर्दूत अशासाठी सरळ शब्द आहे: अपाहिज. कापलेल्याला 'सुरक्षित' म्हटले की कापणाऱ्याचा हात दिसेनासा होतो.

आता त्यांच्या बाजूचे मुद्दे एकेक करून घेऊ.

पहिला मुद्दा सुरक्षिततेचा. ग्रंथी काढली म्हणजे धोका संपला, हेच मुळात खरे नाही. नळी नुसती बांधली किंवा कापली तर ती पुन्हा जुळू शकते. ग्रंथीचा तुकडा आत राहिला तर विष पुन्हा तयार होऊ शकते. असे साप चावून विषबाधा झाल्याची उदाहरणे आहेत. म्हणजे ज्या सापाला माणूस बेफिकीरपणे हाताळतो, तोच एक दिवस घात करू शकतो.

पण याहून मोठा धोका बघणाऱ्यांना आहे. एका शाळेत सापांच्या माहितीचा कार्यक्रम मी पाहिला. नाग मुलांच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर फिरत होता आणि तो धरणारा माणूस हसत होता. कार्यक्रम संपल्यावर सातवीतला एक मुलगा मला म्हणाला, "सर, नाग काही करत नाही, नुसता घाबरवतो." हा मुलगा सुट्टीत मामाच्या शेतावर जाणार आहे. तिथल्या नागाची ग्रंथी कोणी काढलेली नाही.

भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे मेली, असा 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. मरणारे बहुतेक खेड्यातले, शेतात राबणारे, जमिनीवर झोपणारे लोक. अशा देशात मुलांपुढे विष काढलेला नाग नाचवणे म्हणजे चुकीचा धडा गिरवून घेणे होय. वर्गात चुकीचे शुद्धलेखन शिकवले तर एक गुण जातो, इथे जीव जातो.

दुसरा मुद्दा असा की डॉक्टर भूल देऊन करतो, मग क्रौर्य कुठे? भूल फक्त त्या तासाभराचे दुखणे झाकते. जखम नंतर भरायची असते. सापाच्या एवढ्याशा डोक्यात ग्रंथी बरीच जागा व्यापते, तिला लागून जबड्याचे स्नायू असतात, आणि तोंडात जंतू शिरायला वेळ लागत नाही. तरीही मान्य करू, कुशल हाताखालून गेलेला साप मेलेले उंदीर खाऊन वर्षानुवर्षे जगूही शकतो. माझा आक्षेप तेवढ्याने मिटत नाही. शस्त्रक्रियेची कसोटी साधी आहे: ती कोणासाठी केली? सापाच्या तोंडातली गाठ काढली तर ती सापासाठी. ग्रंथी काढली ती मालकासाठी. रोगी नसलेल्याला टेबलावर झोपवायचे आणि फायदा दुसऱ्याने घ्यायचा, याला उपचार म्हणत नाहीत.

तिसरा मुद्दा जरा वजनदार आहे. आपण बैल खच्ची करतो, कुत्र्यांची नसबंदी करतो, मग सापापुरतीच एवढी कणव का? कुत्र्यांची नसबंदी होते कारण ती आपल्या वस्तीत, आपल्या उकिरड्यावर वाढतात, आणि उपासमारीने, रोगाने मरणारी पिल्ले कमी व्हावीत हा त्यात हेतू असतो. शस्त्रक्रियेनंतर कुत्रा आपल्या गल्लीत परत जातो आणि कुत्र्यासारखाच जगतो. ग्रंथी काढलेला नाग रानात सोडला तर त्याला शिकार कशी साधणार? त्याला आयुष्यभर पेटीतच राहावे लागते. आणि बैलाचे म्हणाल, तर जुन्या पद्धतीने दगडाने ठेचून खच्ची करणे हेही क्रौर्यच होते. एका चुकीच्या आडोशाला दुसरी चूक उभी करता येत नाही.

चौथा मुद्दा आपल्या लोकांकडून येतो, म्हणून त्याला थोडे अधिक उत्तर देतो. "इस्लाममध्ये सापाला मारायची परवानगी आहे. मारता येतो, तर नुसते विष काढले म्हणून काय बिघडले?" परवानगी आहे, हे खरे. नमाज चालू असतानाही साप-विंचू मारता येतो, असे हदीसमध्ये येते. पण त्याच परंपरेत घरात निघालेल्या सापाला आधी तीनदा इशारा द्यावा, असेही सांगितले आहे. जिवाला धोका असेल तर मारण्याची ही मुभा आहे, छळण्याची नाही. जनावर जबह करतानाही सुरी धारदार असावी, जनावराला कमीत कमी त्रास व्हावा, ही शिकवण आहे. जिवंत प्राण्याचे अवयव कापण्याला, ज्याला 'मुसला' म्हणतात, प्रेषित मुहम्मद (स.) यांनी निषिद्ध ठरवले आणि तसे करणाऱ्याचा धिक्कार केला. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस तर आपल्या मुलांनाही पाठ असते. तिचा गुन्हा काय होता? तिने मांजरीला खायलाही दिले नाही आणि स्वतःचे पोट भरायला सोडलेही नाही. आता करंडीतला तोंड शिवलेला नाग डोळ्यांपुढे आणा. ती हदीस आपण मांजरीपुरतीच का वाचतो? साप कोणाला आवडत नाही म्हणून?

कायद्यातही पळवाट नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे. त्यातली शिकारीची व्याख्या ठार मारण्यापुरती नाही. वन्य प्राण्याला पकडणे, जखमी करणे, त्याच्या शरीराचा कोणताही भाग काढून घेणे, हे सगळे त्या व्याख्येत येते. 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात प्राण्याला विद्रूप करणे, त्याचे अवयव तोडणे हा गुन्हा आहे. गुरांची शिंगे काढणे, खच्चीकरण, वेसण यांना त्यात ठरावीक पद्धतीने सूट आहे. नागाच्या ग्रंथीला ती सूट नाही. आणि प्राणिमात्रांविषयी दयाभाव बाळगणे हे संविधानाच्या कलम 51 क मधले मूलभूत कर्तव्य आहे. आम्ही ते पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानांवर छापतो आणि त्याच शाळेच्या मैदानात पकडलेला नाग नाचवतो.

शेवटचा मुद्दा पोटाचा. गारुडी, मदारी, सापवाले यांतली कितीतरी घरे आपल्याच समाजातली आहेत. गावकुसाबाहेर, पालात राहणारी, कागदपत्रांवाचून अडलेली. कायद्याने त्यांची करंडी काढून घेतली, हातात दुसरे काही दिले नाही. त्यांच्यावर तोंडसुख घेणे सोपे आहे आणि मला ते करायचे नाही. महागडा साप पेटीत ठेवून त्याच्यासोबत व्हिडिओ काढणाऱ्या शौकिनाला मी जो दोष देतो, तो मुलाच्या शाळेची फी भरू न शकणाऱ्या गारुड्याला देणार नाही. पण त्याच्या गरिबीचे उत्तर नागाच्या तोंडात शोधायचे नसते, ते सरकारच्या आणि आपल्या दारात मागायचे असते.

असे उत्तर निघू शकते, हे तमिळनाडूतल्या इरुला लोकांनी दाखवले आहे. तेही साप पकडून, कातडी विकून जगत. 1972 च्या कायद्याने तो धंदा बंद पडला. 1978 मध्ये त्यांची सहकारी संस्था उभी राहिली, तिच्या पाठीशी सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर होते. इरुला नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे पकडतात, काही आठवडे ठेवून त्यांचे विष काढतात आणि त्यांना पुन्हा रानात सोडतात. त्या विषापासून सर्पदंशावरचे औषध बनते. त्यांनी विष घेतले, ग्रंथी सापाकडे ठेवली. त्यांचे बापजाद्यांचे ज्ञान कामाला आले आणि माणसेही वाचली. आपल्याकडच्या गारुड्यांना साप कुठे असतो, कधी निघतो, कसा धरावा, हे कोणत्याही पदवीधराहून जास्त कळते. ते ज्ञान वनखात्याने पगार देऊन का घेऊ नये? आपल्या जमाती, आपल्या संस्था, आपले आमदार ही मागणी का करत नाहीत? दरवर्षी इज्तिमा आणि जलशांवर खर्च होतो, त्यातला थोडा वाटा या पोरांच्या शिक्षणाला का जाऊ नये?

ते होईपर्यंत आपण तीन गोष्टी करू शकतो. दारात करंडी आली तर माणसाला जेवू घाला, हवे तर पैसे द्या, पण झाकण उघडायला सांगू नका. शाळेत सापांचा कार्यक्रम ठेवायचा असेल तर चित्रे आणि चित्रफीत पुरते. जिवंत नाग घेऊन येणाऱ्याला मुख्याध्यापकांनी फाटकावरूनच परत पाठवावे. घरात साप निघाला तर वनखात्याच्या 1926 क्रमांकावर फोन करा, आणि चावला तर मंत्र, ताईत, झाडपाला यांत वेळ न घालवता थेट सरकारी दवाखाना गाठा.

नागाला घाबरायला हरकत नाही. तो घाबरावा असाच आहे. त्याची भीती वाटते म्हणून आपण त्याच्यापासून चार हात लांब राहतो, आणि त्यातच त्याचेही भले आहे, आपलेही. ज्यांना भीती नको आणि नाग मात्र हवा, त्यांनी मातीचा आणावा.