चिखल अडवतो, ओलं डांबर मारतं



आज पिकाचं नाही, टायरचं लिहितोय. पाऊस तोंडावर आलाय आणि ज्याच्या त्याच्या पिकअपला मोठ्या बटणाचे टायर दिसायला लागलेत. माझं यावर स्पष्ट मत आहे. काहींना झोंबेल, पण लिहितो. कारण यात आमच्या घरातल्या पोराचं गळ्याचं हाड मोडलंय.

आधी माझी गाडी कुठं फिरते ते सांगतो. राहायला माहुलला. १९५४-५५ साली इथं तुर्भ्याच्या रिफायनऱ्या सुरू झाल्या, तेव्हापासून गावाचं रूपच पालटलं. माझी शेती आता कर्जतच्या पुढं. भात, आणि पाण्याच्या जोरावर भेंडी, वांगी. माल भरून पिकअप वाशीच्या मार्केटला आणि तिथून घरी. जाऊन-येऊन एकशेवीस किलोमीटर धरा. त्यातला चिखलाचा रस्ता किती? शेवटचा दीड किलोमीटर. जाऊन-येऊन तीन. म्हणजे चाळीस किलोमीटरमागं एक किलोमीटर चिखल, बाकी एकोणचाळीस डांबर आणि काँक्रीट.

हा हिशोब मी दोन वर्षांपूर्वी केला नव्हता. टायर गोटा झाले होते म्हणून एका दुकानात गेलो. तिथला पोरगा म्हणाला, "काका, हे घ्या. रोडला चालतं, चिखलात चालतं, बर्फात पण चालतं." बाजूला डोंगराचं आणि बर्फाच्या चांदणीचं चिन्ह दाखवलं. मी मनात म्हटलं, जे बर्फात चालतं ते आमच्या शेताच्या वाटेवर चालणारच. त्यानं एक जोड हा दिला आणि मागच्या चाकांना मड टेरेनचा, म्हणजे मोठ्या बटणाचा जोड दिला. पैसे मोजले आणि छाती फुगवून घरी आलो.

जूनच्या पहिल्या पावसात पुतण्या गाडी घेऊन येत होता. गाडी रिकामी, वेग चाळीस-पंचेचाळीस. पुढं रिक्षा थांबली म्हणून ब्रेक मारला आणि मागची चाकं बाजूला सरकली. गाडी आडवी होऊन दुभाजकाला लागली. चिखल नव्हता, खड्डा नव्हता, नुसतं ओलं डांबर. पोरगा वाचला, पण पूर्ण खरीप एका हातानं काढला.

दोष दुकानदाराचा मी धरत नाही. तो विकायला बसलाय. दोष माझा, कारण चिखलाच्या भीतीनं टायर घेतला आणि डांबराचा विचारच केला नाही. चिखलात अडकलो तर काय होतं? तासभर जातो, शेजाऱ्याचा ट्रॅक्टर बोलवावा लागतो, चार माणसं हसतात. ओल्या डांबरावर घसरलो तर माणूस जातो. मग टायर कशासाठी निवडायचा?

आता कारण समजून घ्या. मोठ्या बटणाच्या टायरला ठोकळे लांब लांब असतात. चिखल त्या फटीत शिरतो आणि चाक फिरलं की बाहेर फेकला जातो. चिखलात ते उत्तम. पण डांबरावर त्या फटी म्हणजे नुसती मोकळी जागा. रस्त्याला रबर कमी टेकतं. ओल्या रस्त्यावर पकड धरायला ठोकळ्यावर बारीक चिरा लागतात, त्या यात कमी असतात. त्यात गाडी रिकामी असली की पिकअपच्या मागच्या चाकावर वजनच नसतं. आणि पहिल्या पावसात रस्त्यावर साचलेलं तेल आणि धूळ पाण्याबरोबर वर येते. आमच्या माहुलच्या रस्त्यावर दिवसरात्र टँकर. तिथं पहिला पाऊस म्हणजे साबण लावलेली फरशी.

बर्फाच्या चिन्हाचंही ऐका. ते चिन्ह खोटं नाही. बर्फावर चाचणी झालेल्या टायरला ते मिळतं. नुसतं एम आणि एस लिहिलेलं असेल तर तो चिखल-बर्फाचा कंपनीचा स्वतःचा दावा असतो, तेवढ्यासाठी बर्फावर चाचणी करावी लागत नाही. पण खऱ्या थंडीच्या टायरचं रबर मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं, सात अंशाच्या खाली ते कडक होऊ नये म्हणून. आपल्याकडं मे महिन्यात डांबरावर अनवाणी पाय ठेवता येत नाही. तिथं हे मऊ रबर खोडरबरासारखं झिजतं. हिमाचलची सफरचंदं घेऊन वाशीला येणाऱ्या एका ड्रायव्हरला मी विचारलं होतं, बर्फात काय करता? तो म्हणाला, साखळी बांधतो, नाहीतर थांबतो. ज्याच्या दारात बर्फ पडतो तो साखळी बाळगतो आणि ज्याच्या दारात घाम गळतो त्यानं बर्फाच्या टायरला जास्त पैसे द्यायचे?

मग घ्यायचं काय? माझ्यासारखं ज्याचं काम डांबर जास्त आणि शेतवाट थोडी असं आहे, त्यानं साधा रिबचा किंवा मध्यम नक्षीचा, ज्याला ऑल टेरेन म्हणतात त्यातला सौम्य टायर घ्यावा. मधला पट्टा सलग, कडेला थोडे ठोकळे, ठोकळ्यावर बारीक चिरा. आणि या गोष्टी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

वजन. टायरवर लोड इंडेक्सचा आकडा असतो. १०० आकडा म्हणजे एका टायरला ८०० किलो. माल भरल्यावर बहुतेक भार मागच्या दोन चाकांवर येतो, त्यामुळं चारनं भागून हिशोब करू नका. कारचा टायर मापात बसतो म्हणून पिकअपला घालू नका. हलक्या मालगाडीच्या टायरवर एलटी किंवा सी लिहिलेलं असतं, तेच घ्या.

वय. बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. २६२३ म्हणजे २०२३ सालचा सव्विसावा आठवडा. दुकानात पडून राहिलेला जुना माल "नवा" म्हणून गळ्यात मारतात. वाचता आलं तर कोणी फसवत नाही.

जोड. एका अॅक्सलवर दोन्ही टायर एकसारखेच हवेत. एक रेडियल आणि एक नायलॉन असं कधीच नको. दोनच नवे घ्यायचे असतील तर ते मागं घाला, कारण मागची चाकं सुटली की गाडी आवरत नाही. रबर चढवलेला टायर पुढच्या चाकाला नको. पैसे वाचवायचेत तर दुसरीकडं वाचवा.

नक्षी. कायद्यानं १.६ मिलिमीटर खोली हवी. खाचेत छोटे उंचवटे असतात, टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की संपला. पण मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि कर्जतला त्याहून जास्त. इथं ३ मिलिमीटर राहिली की पावसाळ्याआधी बदला. पाणी बाहेर काढायला खाचच नसेल तर चाक पाण्यावर तरंगतं.

हवा. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. चिखलात हवा थोडी कमी केली तर चाक पसरतं आणि पकड मिळते, हे खरं. पण परत डांबरावर आल्यावर भरायची कोणी? कमी हवेवर भरलेली गाडी पळवली की टायर वाकून वाकून तापतो आणि फुटतो. बॅटरीवर चालणारा छोटा पंप गाडीत ठेवा, नाहीतर हवा काढूच नका. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मोजणाऱ्यांना एवढंच सांगतो, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

आता कृषीवाल्या मित्रांसाठी. "मोठे टायर असले की गाडी थेट वावरात नेता येते," असं कौतुकानं सांगणारे आहेत. तेच नको आहे! चाक जमिनीवर किती दाब देतं ते साधारण त्यातल्या हवेएवढं असतं. शेतात काम करताना ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला बारा-पंधरा पीएसआय हवा, भरलेल्या पिकअपला पन्नास-साठ. ओल्या जमिनीवर पिकअप घातली की माती खालपर्यंत दबते, पाणी मुरत नाही, मुळं खाली जात नाहीत. टायरची नक्षी बदलून हा दाब कमी होत नाही. आमच्या खाडीच्या चिखलात फ्लेमिंगो आरामात चालतो, कारण तो दोन-तीन किलोचा आहे आणि पायाला पडदा आहे. तुमची गाडी दोन-तीन टनाची आहे. बांधाला उभी करा, क्रेट डोक्यावर आणा.

आणि शेवटचं, जे मला खरं बोलायचंय. आपण प्रत्येकजण टायरला जादा पैसे का देतो? कारण पाणंद रस्ता धड नाही. मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना २०२१ पासून कागदावर आहे. गावातल्या दहा जणांनी टायरवर जेवढे जास्तीचे पैसे घातले, त्यात दीड किलोमीटरला चार ट्रॉल्या मुरूम तरी पडला असता. पण एकत्र बसून अर्ज करायचा, अतिक्रमणावरून भावकीशी बोलायचं, हे अवघड. टायर घेणं सोपं.

या ग्रामसभेत मी पाणंदीचा विषय मांडणार आहे. तुम्ही तुमच्या गावात मांडा. तोवर गाडी सावकाश चालवा, आणि आज संध्याकाळी खाली वाकून टायरवरचे ते चार आकडे वाचा. काय निघालं ते खाली लिहा.