प्राध्यापक झाले, संशोधक कोण घडविणार?

वसतिगृहाच्या दिव्याखाली अभ्यास करून मोठी झालेली आपली अनेक मुले-मुली आज ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर या पट्ट्यातील महाविद्यालयांत अध्यापन करीत आहेत. त्यांच्या घराण्यांत महाविद्यालयाची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी. या स्मरणिकेत त्यांचा गौरव व्हावा, हे उचितच आहे. परंतु नेमणुकीचे पत्र हाती आले म्हणजे ज्ञानक्षेत्रातील आपला प्रवेश पूर्ण झाला, असे समाजाने मानू नये.

विद्यापीठ अनुदान आयोगाने १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदासाठी नेट वा सेट ही किमान पात्रता ठेवली, पीएच.डी. ऐच्छिक केली. त्यामुळे प्रवेशाचे दार थोडे रुंद झाले. मात्र सहयोगी प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. आणि संशोधनलेखन आवश्यकच आहे. म्हणजे दारातून आत आलेला अध्यापक जिन्याशी अडतो. अभ्यासक्रम ठरविणारी मंडळे, संशोधनाचे विषय मान्य करणाऱ्या समित्या, नव्या अध्यापकांची निवड करणारे तज्ज्ञ हे सारे त्या जिन्याच्या वरच्या मजल्यावर असतात.

तेथे पोहोचण्यात अडचण बुद्धीची नाही. तासिका तत्त्वावर दोन महाविद्यालये सांभाळणाऱ्या अध्यापकाचा दिवस लोकलच्या प्रवासात सरतो. एलफिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागार कामाच्या दिवशी उघडे असते. त्याच वेळी त्याचे तास असतात. २०२२ च्या नियमानुसार प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच संशोधक एका वेळी घेता येतात. जागा मोजक्या असल्या की ओळखीला मोल येते. आणि पहिल्या पिढीजवळ नेमकी ओळखच नसते. विषय कसा आखावा, साधने कोठे शोधावीत, परीक्षकाच्या आक्षेपाला उत्तर कसे द्यावे, हे सांगणारे घरात कोणी नसते. मग पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांच्या जाळ्यात चांगला अध्यापकही सापडतो.

‘गुणवत्ता असेल तर वाट सापडतेच’ असे म्हणणाऱ्यांनी बाबासाहेबांचे विद्यार्थिजीवन पुन्हा वाचावे. त्यांच्याएवढी गुणवत्ता कोणाची? तरीही बडोद्याच्या शिष्यवृत्तीने १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठ गाठल्यावर त्यांना एडविन सेलिग्मन यांच्यासारखे गुरू लाभले. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात ९ मे १९१६ रोजी वाचलेला जातिसंस्थेवरील निबंध पुढच्याच वर्षी ‘इंडियन अँटिक्वेरी’त प्रसिद्ध झाला. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. पण अपुरे संशोधन पूर्ण करण्यासाठी १९२० मध्ये ती नोकरी सोडून ते लंडनला परतले. साठवलेल्या पगाराला शाहू महाराज आणि स्नेही नवल भथेना यांच्या साहाय्याची जोड मिळाली. लंडनमध्येही त्यांचा प्रबंध पहिल्या वेळी स्वीकारला गेला नाही. १९२३ मध्ये तो पुन्हा सादर करून त्यांनी डी.एस्सी. मिळविली. त्याच प्रबंधाच्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिताना एडविन कॅनन यांनी आपले मतभेद उघड नोंदविले आणि तरीही लेखनातील नव्या विचाराचे स्वागत केले. शिष्याने गुरूचीच री ओढावी, अशी अपेक्षा तेथे नव्हती.

शिष्यवृत्ती, चर्चासत्र, परखड वाचक आणि नोकरीतून मोकळीक देणारा आर्थिक आधार या चार गोष्टी तेव्हा एकत्र आल्या. आज बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे; तिच्यासाठी विद्यार्थ्यांनी केलेला संघर्षही आपण पाहिला आहे. ती वेळेवर आणि पूर्ण मिळालीच पाहिजे. पण ती पूर्णवेळ संशोधकांसाठी आहे. नोकरीत अडकलेल्या अध्यापकाला, विशेषतः नोकरी आणि संसार दोन्ही ओढणाऱ्या आपल्या अध्यापिकेला, उरलेल्या तीन गोष्टी कोण देणार? शासन आणि विद्यापीठ यांच्याकडे सवेतन अध्ययन रजेची व तासिका अध्यापकांना स्थैर्य देण्याची मागणी आपण केलीच पाहिजे; तोवर हात बांधून बसणे मात्र परवडणारे नाही.

शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपुढे म्हणून एक प्रस्ताव ठेवतो. ज्यांनी पीएच.डी. पूर्ण केली आहे, त्या प्रत्येकाने दोन तरुण अध्यापकांची जबाबदारी घ्यावी. महिन्यातील एका रविवारी शाळेच्या सभागृहात एका अध्यापकाने आपला कच्चा लेख वाचावा आणि इतरांनी तो निर्भीडपणे तपासावा. वर्षातून दोनदा नवोदितांना पुराभिलेखागारात आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयात सोबत नेऊन कागद कसा मागवावा, कसा वाचावा आणि कसा नोंदवावा हे शिकवावे. जयंतीच्या वर्गणीतील काही वाटा प्रवास, छायाप्रती आणि बिनपगारी रजेच्या काळातील साहाय्य यांसाठी राखून ठेवावा. मिरवणुकीचा एक ट्रक कमी झाला तर बाबासाहेबांचा मान कमी होणार नाही.

आपल्या वस्त्यांचा, गिरण्या-कारखान्यांतील आपल्या वडिलांच्या श्रमाचा, धम्मदीक्षेनंतरच्या आपल्या घरांचा इतिहास आजही पुष्कळसा अलिखित आहे. तो सांगू शकणारी माणसे वृद्ध झाली आहेत. त्यांच्यासमोर वही घेऊन बसणारा प्रशिक्षित संशोधक आपण वेळेत घडविला नाही, तर तो इतिहास त्यांच्यासोबतच जाईल.