तळवा ओला, ईसीजी नॉर्मल

छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, घशाशी काहीतरी अडकल्यासारखं. बुलढाणा जिल्ह्यातल्या जानेफळकडचा शेतकरी मेहकरच्या दवाखान्यात अशी तक्रार सांगेल. ‘भीती वाटते’ हे शब्द क्वचितच तोंडातून निघतील. डॉक्टरांनी हात हातात घेतला की तळवा ओला आणि गार लागतो. नाडी शंभराच्या पुढे, बोटं पसरायला सांगितली की बारीक थरथर, मध्येच खोल उसासा. रक्तदाब चढा, पण थोडं शांत बसवून पुन्हा मोजला की बरेचदा उतरलेला. ईसीजी मात्र नॉर्मल. अमेरिकी यादवी युद्धातल्या सैनिकांमध्ये जेकब दा कोस्टा या डॉक्टरांनी असंच विनाकारण धडधडणारं हृदय पाहिलं आणि १८७१ साली त्यावर सविस्तर लिहिलं. थायरॉइड वाढलं, रक्त कमी झालं, साखर उतरली तरी चित्र बरंचसं असंच दिसतं. म्हणून त्या तपासण्या आधी व्हायलाच हव्यात. पण त्या निर्दोष आल्या की ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ म्हणून माणसाला घरी धाडणं हा त्याच्यावर अन्याय आहे. चिंतेचा हा त्रास खरा असतो आणि त्याला उपचारही असतात. बुलढाण्यासह १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी २०१५ साली ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू झाला. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत, फुकट आणि रात्री-अपरात्रीही बोलता येतं.